वाक्याचा आरंभबिंदू : एका भाषाशास्त्रीय संकल्पनेची वाटचाल आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे इंग्रजी कथनलेखन

प्रस्तावना

महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकास एक अनुभव नित्याचा असतो. ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ किंवा ‘आयुष्यातील एक प्रसंग’ अशा विषयावर विद्यार्थ्याने लिहिलेले इंग्रजी कथन हाती येते. लाल शाईने काळ, वचन, उपपदे आणि शब्दयोगी अव्यये दुरुस्त केली जातात. व्याकरणदृष्ट्या सर्व वाक्ये निर्दोष झाली तरी कथन वाचनीय होतेच असे नाही. वाक्ये शुद्ध असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. याउलट व्याकरणाच्या अनेक चुका असलेला एखादा उतारा वाचकाला धरून ठेवतो. हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाचे एक उत्तर ‘थीमॅटिक स्ट्रक्चर’ या संकल्पनेत सापडते.

प्रस्तुत लेखात ‘थीम’ या संज्ञेसाठी ‘आरंभपद’ आणि ‘ऱ्हीम’ या संज्ञेसाठी ‘प्रतिपाद्य’ असे शब्द योजले आहेत. वाक्य जेथून निघते ते आरंभपद. आरंभपदाविषयी जे सांगितले जाते ते प्रतिपाद्य. कथेचा आशय किंवा मध्यवर्ती कल्पना या अर्थाने मराठीत रूढ झालेला ‘थीम’ हा शब्द येथे अभिप्रेत नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

या संकल्पनेचा युरोपातील उगम व विकास पाहणे, भारतीय परंपरेतील उद्देश्य-विधेय विचाराशी तिचे नाते तपासणे आणि या इतिहासाच्या प्रकाशात मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी कथनाकडे कसे पाहावे याचा विचार करणे, अशी प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. वाक्याच्या आरंभबिंदूची संकल्पना मुळात दोन भाषांच्या तुलनेतून जन्मली. म्हणून विद्यार्थ्याने केलेली आरंभपदाची निवड ही केवळ त्रुटी न मानता दोन भाषांच्या भेटीचा पुरावा म्हणून वाचली पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संकल्पनेचा उगम : तुलनेतून निघालेला प्रश्न

वाक्यातील शब्दांचा क्रम आणि विचारांचा क्रम यांचा संबंध काय, हा प्रश्न आधुनिक काळात नेमकेपणाने मांडण्याचे श्रेय आंरी वेल या अभ्यासकाकडे जाते. १८४४ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी ग्रीक व लॅटिन या प्राचीन भाषांतील शब्दक्रमाची आधुनिक भाषांतील शब्दक्रमाशी तुलना केली. प्रत्येक विधानाला एक प्रस्थानबिंदू असतो आणि एक गंतव्य असते. वक्ता व श्रोता दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून विधान निघते आणि नव्या गोष्टीकडे जाते, असे त्यांचे म्हणणे होते. विचारांची ही गती व्याकरणातील कर्ता-क्रियापदाच्या मांडणीहून वेगळी आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. पुढे १८६९ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन डेर गाबेलेंट्स यांनी ‘मानसिक कर्ता’ व ‘मानसिक विधेय’ अशी परिभाषा योजून हाच विचार पुढे नेला. व्याकरणिक कर्ता एक आणि मनात आधी येणारी गोष्ट दुसरी असू शकते, हे त्यातून पुढे आले.

या विचाराला शास्त्रीय शिस्त मिळाली ती मात्र प्राग शहरात, आणि तीही एका इंग्रजीच्या प्राध्यापकाकडून. व्हिलेम माथेझिउस (१८८२-१९४५) हे प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात इंग्रजी भाषा व साहित्याचे अध्यापन करीत. ऑक्टोबर १९२६ मध्ये त्यांच्या कार्यालयात काही अभ्यासक जमले आणि ‘प्राग भाषावैज्ञानिक मंडळ’ म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेल्या गटाची ती पहिली बैठक ठरली. रोमान याकोब्सन व निकोलाय त्रुबेत्स्कोय यांची नावे या मंडळाशी निगडित आहेत. मंडळाचे अध्वर्यू माथेझिउस यांची दृष्टी या काळात अधू झाली होती आणि वाचन-लेखनासाठी त्यांना साहाय्यकांवर अवलंबून राहावे लागे.

१९२९ मध्ये माथेझिउस यांनी आधुनिक इंग्रजीतील वाक्यदृष्टीवर जर्मन भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढील प्रश्न हा इंग्रजी शिकविणाऱ्या चेक माणसाचा प्रश्न होता. चेक भाषेत विभक्तिप्रत्यय समृद्ध असल्याने शब्दांची जागा बदलता येते. कर्म आधी ठेवून कर्ता शेवटी आणता येतो आणि त्यायोगे ज्ञात गोष्ट आधी व नवी गोष्ट नंतर येते. इंग्रजीत शब्दक्रम व्याकरणाने जखडलेला असतो. कर्ता कोण व कर्म कोण हे जागेवरूनच कळते. मग इंग्रजी भाषक ज्ञात गोष्ट आधी कशी आणतो? माथेझिउस यांच्या मते, इंग्रजीचा कल आरंभपदालाच व्याकरणिक कर्ता बनविण्याकडे आहे, आणि इंग्रजीत कर्मणी प्रयोग इतका विपुल का आढळतो याचे एक कारण हेच आहे. कर्मणी प्रयोग हा केवळ क्रियापदाचा फेरफार नसून वाक्य कोठून सुरू करायचे यावरचा तोडगा आहे, ही दृष्टी वर्गात इंग्रजी शिकविणाऱ्यांसाठी आजही नवी वाटावी अशी आहे.

१७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझी सत्तेने चेक विद्यापीठे बंद केली. वाक्याच्या या विभागणीवरील माथेझिउस यांचा चेक भाषेतील महत्त्वाचा निबंध त्याच वर्षीचा आहे. १२ एप्रिल १९४५ रोजी, प्राग मुक्त होण्याच्या काही आठवडे आधी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या इंग्रजीविषयक व्याख्यानांवर आधारित ग्रंथ चेक भाषेत १९६१ मध्ये व इंग्रजी अनुवादाच्या रूपाने १९७५ मध्ये वाचकांपुढे आला. त्यामुळे हा विचार इंग्रजी जगतात पोहोचण्यास दीर्घ विलंब झाला.

वाक्याकडून उताऱ्याकडे

माथेझिउस यांच्यानंतर यान फिरबास (१९२१-२०००) यांनी ब्रनो येथे हा अभ्यास पुढे चालविला. इंग्रजी भाषा ज्ञात-नव्याच्या क्रमाबाबत फारशी संवेदनशील नाही, हे आपल्या गुरुस्थानी असलेल्या माथेझिउस यांचे मत त्यांनी स्वीकारले नाही. शब्दक्रमाखेरीज अर्थ व संदर्भ हे घटकही कोणता भाग संदेशाला किती पुढे नेतो हे ठरवितात, असे त्यांनी दाखवून दिले.

विद्यार्थ्यांच्या लेखनाच्या दृष्टीने निर्णायक पाऊल मात्र फ्रांतिशेक दानेश (१९१९-२०१५) यांनी टाकले. १९७४ मध्ये त्यांनी संपादित केलेल्या निबंधसंग्रहातील आपल्या लेखात त्यांनी एका वाक्याऐवजी वाक्यांच्या मालिकेकडे लक्ष वेधले. आरंभपदे एकामागून एक कशी येतात, यावरून उताऱ्याची वीण ठरते, असे त्यांनी मांडले. या क्रमाचे त्यांनी सांगितलेले तीन मुख्य प्रकार असे : पहिल्यात, आधीच्या वाक्यातील प्रतिपाद्य पुढच्या वाक्याचे आरंभपद होते, दुसऱ्यात, एकच आरंभपद अनेक वाक्यांत टिकून राहते, तिसऱ्यात, एका मोठ्या विषयातून निघणारी वेगवेगळी आरंभपदे क्रमाने येतात.

मराठी वाचकाला यातील पहिला प्रकार परका नाही. आपल्याकडील व्रतांच्या कहाण्यांत आधी आटपाट नगर येते, मग त्या नगरातला राजा, मग त्या राजाच्या राण्या आणि मग त्यांतील एखादीचे दुःख. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आलेली गोष्ट पुढच्या वाक्याच्या दाराशी उभी असते. दानेश यांनी ज्याला सरळ रेषेतील सूत्रक्रम म्हटले, तो श्रावणात आजीजवळ बसून कहाणी ऐकणाऱ्या मुलाच्या कानांत आधीपासूनच रुजलेला असतो. विद्यापीठात आलेला विद्यार्थी कथनाच्या वीणीबाबत रिकाम्या हाताने येत नाही, याचे हे साधे प्रमाण होय.

हॅलिडे आणि वर्गखोली

इंग्रजी अध्यापनाच्या जगात या संकल्पनेला स्थान मिळाले ते एम. ए. के. हॅलिडे (१९२५-२०१८) यांच्यामुळे. त्यांच्या विचारांची पार्श्वभूमीही तुलनेचीच होती. त्यांनी चीनमध्ये चिनी भाषेचा अभ्यास केला होता आणि त्यांचे पीएच.डी.चे संशोधनही चिनी ग्रंथावर होते. त्यांचे गुरू जे. आर. फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोर येथे पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. भाषेकडे संदर्भाच्या अंगाने पाहण्याचा आग्रह धरणाऱ्या या परंपरेतील एका प्रमुख व्यक्तीने वसाहतकालीन भारतातील विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविले होते, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

१९६७-६८ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झालेल्या लेखमालेत व पुढे १९८५ मधील आपल्या कार्यात्मक व्याकरणाच्या ग्रंथात हॅलिडे यांनी आरंभपदाची व्याख्या संदेशाचा प्रस्थानबिंदू अशी केली. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वाक्य कोठून निघते हा प्रश्न एक आणि कोणती माहिती ज्ञात व कोणती नवी हा प्रश्न दुसरा. पहिल्याचा निर्णय लेखक-वक्त्याच्या बाजूने होतो, तर दुसऱ्यात श्रोत्याची जाण महत्त्वाची ठरते. इंग्रजीत आरंभपद वाक्याच्या अग्रभागी असते; ते ‘आणि’, ‘परंतु’, ‘नंतर’ यांसारख्या जोडशब्दांसह येऊ शकते; आणि कर्त्याऐवजी स्थळ वा काळ दाखविणारे पद पुढे आले तर ती निवड विशेष लक्ष वेधते.

१९८० च्या दशकाच्या आरंभी पीटर फ्राइज यांनी दानेश व हॅलिडे यांचे विचार एकत्र आणले. उताऱ्यातील आरंभपदांची मालिका पाहिली असता त्या उताऱ्याचा विकास कोणत्या पद्धतीने झाला हे कळते आणि लेखनप्रकार बदलला की ही मालिकाही बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात जे. आर. मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय लेखनाच्या संदर्भात लेखनप्रकारांचा अभ्यास सुरू केला. त्यानंतर इंग्रजी ही दुसरी वा परकी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या लेखनाचे या दृष्टीने परीक्षण करण्याची प्रथा अनेक देशांत रुजली. कथनलेखन हे या अभ्यासाचे एक प्रमुख क्षेत्र ठरले. कथनात पात्रे टिकून राहतात आणि काळ पुढे सरकतो. म्हणजे एकीकडे आरंभपद स्थिर ठेवण्याची व दुसरीकडे ते योग्य ठिकाणी बदलण्याची कसोटी लागते.

आपल्या परंपरेतील उद्देश्य आणि विधेय

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. हा विचार आपल्याला पूर्णतः नवा होता काय? संस्कृत शास्त्रपरंपरेत, विशेषतः मीमांसेत, ‘उद्देश्य’ म्हणजे जे आधीच सिद्ध वा ज्ञात आहे व ज्याला उद्देशून काही सांगावयाचे आहे ते. आणि ‘विधेय’ म्हणजे जे अद्याप ज्ञात नाही व वाक्याने जे नव्याने सांगावयाचे आहे ते. ही विभागणी विभक्तीवर आधारलेली नाही, ज्ञात-अज्ञातावर आधारलेली आहे. साहित्यशास्त्रानेही तिची दखल घेतली. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित महिमभट्ट यांनी ‘व्यक्तिविवेक’ ग्रंथात, आणि मम्मट यांनी ‘काव्यप्रकाशा’तील दोषप्रकरणात, विधेयाला उचित प्राधान्य न मिळणे हा दोष मानला आहे. मुख्य सांगावयाची गोष्ट समासात दडपली गेली, तर वाक्य शुद्ध असूनही सदोष ठरते, असा त्याचा आशय आहे. शुद्ध वाक्यही सदोष असू शकते, ही जाणीव प्राग मंडळाच्या कित्येक शतके आधी येथे होती.

तरीही या दोन विचारांना एकच मानणे योग्य होणार नाही. मीमांसकांचा प्रश्न वेदवाक्याच्या अर्थनिर्णयाचा होता, माथेझिउस यांचा भाषातुलनेचा. उद्देश्याची कल्पना माथेझिउस यांच्या ज्ञात-नव्याच्या विभागणीस जवळची आहे. हॅलिडे यांच्या अग्रस्थानाधिष्ठित व्याख्येपासून ती दूर आहे. साम्य दाखविण्याच्या उत्साहात हा भेद पुसला जाऊ नये.

अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, ही जाणीव आधुनिक मराठी वर्गखोलीपर्यंत का पोहोचली नाही? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील व्याकरणलेखनात शोधावे लागते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. शालेय मराठी व्याकरणात वाक्यपृथक्करणाची जी पद्धती स्थिरावली, ती इंग्रजी व्याकरणातील वाक्यविश्लेषणाशी मिळतीजुळती होती. तेथे ‘उद्देश्य’ हा शब्द इंग्रजी ‘सब्जेक्ट’चा आणि ‘विधेय’ हा ‘प्रेडिकेट’चा पर्याय म्हणून रूढ झाला. परिणामी उद्देश्य म्हणजे कर्ता व त्याचा विस्तार, हे समीकरण विद्यार्थ्याने पाठ केले. शब्द तोच राहिला. ज्ञात-अज्ञाताचा मूळ अर्थ मात्र मागे पडला.

याच काळात मराठी लेखनातील वाक्याचे दृश्यरूपही बदलत होते. मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून मराठीत विरामचिन्हांचा वापर रुजला. बखरींच्या गद्यात ‘येऊन’, ‘बसून’, ‘विचार करून’ अशा धातुसाधितांच्या साखळीने घटना पुढे सरकत आणि वाक्य दूरवर जाऊन थांबे. पूर्णविरामाने वाक्याचा शेवट दिसू लागला, तसा त्याचा आरंभही ठळक झाला. आरंभपदाचा प्रश्न आज ज्या स्वरूपात आपण विचारतो, त्यामागे छापील गद्याचा हा इतिहासही आहे.

इंग्रजी रचना आणि परीक्षेची चौकट

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाची भाषा म्हणून इंग्रजीचे स्थान पक्के झाले. विद्यार्थ्यासमोर इंग्रजी आली ती प्रामुख्याने व्याकरण, भाषांतर व वाक्यविश्लेषण या मार्गाने. जे. सी. नेस्फील्ड यांची व्याकरणमाला आणि १९३० च्या दशकातील रेन व मार्टिन यांचे पुस्तक भारतभर वापरले गेले. महाराष्ट्रात तर्खडकर भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. ग्रामीण भागातील, घरात इंग्रजीचा गंध नसलेल्या कित्येकांनी त्यांच्याच आधारे ही भाषा हस्तगत केली. तथापि त्यांचे परिमाण मुख्यतः वाक्य हे होते. सुटी वाक्ये भाषांतरित करणे, कर्तरीचे कर्मणी करणे, होकारार्थीचे नकारार्थी करणे, हा सरावाचा गाभा होता. वाक्याचा अर्थ न बदलता रूप बदला, अशी सूचना असे. रूप बदलले की वाक्याचा आरंभबिंदू बदलतो आणि म्हणून उताऱ्यातील त्याचे कार्यही बदलते, हे सांगण्यास त्या चौकटीत जागा नव्हती.

कथनलेखनासाठी ‘दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रश्न परीक्षेत दीर्घकाळ रूढ राहिला. त्याची रचना सूक्ष्मपणे पाहण्यासारखी आहे. मुद्दे घटना पुरवितात, म्हणजेच प्रतिपाद्य तयार मिळते. विद्यार्थ्याने पुरवावयाचे असते ते सूत्र : कोणाला पुढे ठेवून ही घटना सांगायची, आधीच्या घटनेतील कोणता धागा उचलायचा. गुणदान मात्र बहुधा शुद्धलेखन, काळ आणि सर्व मुद्दे आले की नाही यांवर होत असे. जे कौशल्य प्रश्नच मागत होता, तेच तपासणीत अदृश्य राहत होते.

१९५८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेच्या काळात वाक्यरचनांच्या क्रमबद्ध सरावावर भर होता. पुढे संवादात्मक पद्धतीचे वारे आले. २००० मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्या पिढीचे विद्यार्थी २०१२ नंतर महाविद्यालयांत दाखल झाले. त्यांचा इंग्रजीशी परिचय आधीच्या पिढ्यांहून दीर्घ आहे. पण त्यांच्या लेखनाकडे पाहण्याची आपली दृष्टी फारशी बदललेली नाही.

विद्यार्थ्यांचे कथन : दोन नमुने

पुढील उतारे कोणा विद्यार्थ्याच्या वहीतील नाहीत. वर्गात नेहमी भेटणारी रचना दाखविण्यासाठी ते प्रस्तुत लेखकाने रचले आहेत.

पहिला नमुना : ‘आय वेन्ट टू द स्टेशन. आय बॉट अ तिकीट. आय सॉ ॲन ओल्ड मॅन. आय गेव्ह हिम माय सीट.’ चारही वाक्ये शुद्ध आहेत. शिक्षक समासात ‘एकसुरी’ असा शेरा लिहितात. परंतु हाच विद्यार्थी मराठीत काय म्हणाला असता? ‘स्टेशनवर गेलो. तिकीट काढले. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ दिसले. त्यांना माझी जागा दिली.’ मराठीत वाक्ये अनुक्रमे स्थळापासून, वस्तूपासून, काळापासून आणि आधीच्या वाक्यात आलेल्या व्यक्तीपासून निघाली. ‘मी’ क्रियापदाच्या प्रत्ययात वा संदर्भात सामावला, उच्चारावा लागला नाही. इंग्रजीत कर्ता सहसा गाळता येत नाही. म्हणून चार वेगवेगळी प्रस्थाने एका ‘आय’मध्ये विरघळली. विद्यार्थ्याला कथन येत नाही असे नव्हे. मराठीतील वैविध्य इंग्रजीत कोणत्या साधनांनी आणायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. माथेझिउस यांना चेक व इंग्रजीच्या संदर्भात पडलेला प्रश्न तो येथे मराठी व इंग्रजीच्या संदर्भात, नकळत, सोडवू पाहत असतो.

दुसरा नमुना अधिक गंभीर आहे : ‘माय फादर इज अ फार्मर. द मॉन्सून वॉज लेट. द मनीलेंडर केम. द बुलक्स वेअर सोल्ड.’ येथे प्रत्येक वाक्य नव्या पदापासून निघते. ‘आय’चा एकसुरीपणा नाही, पण सूत्रही नाही. पाऊस, सावकार आणि बैल यांचा परस्परसंबंध लेखकाला इतका परिचित आहे की तो लिहिण्याची गरज त्याला भासत नाही. शहरातील वा परदेशातील वाचकाला मात्र तो जोडता येत नाही. ‘दॅट इयर’ असा काळ पुढे आणून दुसरे वाक्य सुरू केले, आणि पावसाच्या विलंबाचा उल्लेख तिसऱ्याच्या आरंभी आणला, तर तीच घटना कारणपरंपरेसह उभी राहते. कथनाचे टप्पे बदलतात तेथे स्थळकाळाचे पद अग्रभागी आणणे, हे इंग्रजी कथनातील एक उपयुक्त साधन आहे.

शेवटच्या वाक्याचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. ‘वडिलांनी बैल विकले’ असे म्हटले तर गोष्ट वडिलांची होते. ‘बैल वडिलांनी विकले’ असे म्हटले तर बैल आपल्यासमोर आधीच उभे असतात आणि ते कोणी विकले याकडे लक्ष जाते. मराठीत हा फरक केवळ शब्द हलवून साधतो. इंग्रजीत बैलांना पुढे ठेवायचे तर कर्मणी प्रयोग लागतो. ‘कर्मणी प्रयोग टाळा’ असा सरसकट उपदेश अशा विद्यार्थ्याला केला, तर त्याच्या गोष्टीतून बैल मागे सरकतात. कर्मणी प्रयोगाने येथे विकणारा झाकला जातो हेही खरे. पण बापाचे नाव त्या कृतीशी जोडण्यास लेखकाचे मन धजावत नसेल, तर ते झाकणेही अर्थपूर्ण असू शकते. आरंभपदाची निवड ही अशा ठिकाणी व्याकरणाची बाब न राहता, कोणाच्या बाजूने उभे राहून सांगायचे याची बाब होते.

काही मर्यादा

या संकल्पनेचा वापर करताना काही दक्षता आवश्यक आहेत. एक, आरंभपदांची केवळ मोजणी करून सरळ रेषेतील क्रम अधिक म्हणून लेखन प्रगल्भ, असा निष्कर्ष काढणे घातक आहे. कथनात एकच पात्र दीर्घकाळ आरंभपदी राहणे स्वाभाविक असते. लेखनप्रकार विचारात न घेता आकड्यांना मूल्य देता येत नाही. दोन, हॅलिडे यांची अग्रस्थानाची व्याख्या इंग्रजीसाठी आहे. कर्ता गाळता येणाऱ्या मराठीत ‘गेलो’ या एका शब्दाच्या वाक्याचे आरंभपद कोणते, याचे सर्वमान्य उत्तर नाही. तीन, विद्यार्थ्याची प्रत्येक अडचण मातृभाषेच्या माथी मारणेही योग्य नाही. परीक्षेची घाई, वाचनाचा अभाव आणि वाचक कोण हे ठाऊक नसणे, हीदेखील तितकीच बलवत्तर कारणे असतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. आरंभपदाची संकल्पना भाषातुलनेतून जन्मली आणि इंग्रजी शिकविणाऱ्या एका चेक प्राध्यापकाने तिला घाट दिला. वाक्याकडून उताऱ्याकडे झालेल्या तिच्या प्रवासामुळे विद्यार्थ्यांचे लेखन वाचण्याचे नवे साधन उपलब्ध झाले. भारतीय परंपरेत उद्देश्य-विधेय विचाराच्या रूपाने या जाणिवेची बीजे होती. परंतु आधुनिक शालेय व्याकरणात उद्देश्य म्हणजे कर्ता असे समीकरण झाल्याने ती वर्गखोलीत पोहोचली नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या इंग्रजी कथनातील दोष वाक्यागणिक मोजले गेले आणि वाक्यांमधील सूत्र दुर्लक्षित राहिले.

उपाय खर्चिक नाही. विद्यार्थ्याच्या उताऱ्यातील प्रत्येक वाक्याच्या आरंभपदाखाली रेघ मारून ती पदे सलग वाचावयास सांगणे, तीच घटना मराठीत लिहवून दोन्हींतील आरंभपदांची तुलना करणे आणि कर्मणी प्रयोग उताऱ्याच्या संदर्भात शिकविणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयात फळा व खडू यांच्या साहाय्याने शक्य आहे. वाक्यातील चुका दुरुस्त करणारी संगणकीय साधने आज विद्यार्थ्याच्या हाती आहेत. आपली गोष्ट कोणापासून सुरू करावी, हा निर्णय मात्र त्यालाच घ्यावा लागतो. आणि तो त्याने जाणीवपूर्वक घ्यावा यासाठी त्याला साहाय्य करणे हे इंग्रजीच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.